व्हिस्कीत भिजलेल्या ओकमध्ये मुरवलेली एल पहिल्यांदाच चाखणार आहे. कशी प्यावी?

तुम्ही विचारलंय की मेव्हण्यांनी एडिंबरोहून आणलेल्या एलच्या (हा बिअरचाच एक प्रकार) ३३० मिलीच्या बाटलीत खरंच व्हिस्की मिसळलेली आहे का, ती नेहमीच्या बिअरसारखी थंडगार करून प्यायची का, आणि ते मे महिन्यात परत नाशिकला येईपर्यंत ठेवली तर चालेल का. मी दिंडोरीकडच्या एका वाइनरीत सेलरचं, म्हणजे वाइन मुरवायच्या जागेचं, काम बघते. ओक नावाच्या लाकडाच्या बॅरलशी, म्हणजे पिंपांशी, रोजचा संबंध आहे आणि या प्रकारच्या एल मला मनापासून आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण मुख्य गोष्ट आधी सांगते: ही बाटली फ्रीजमधून काढून लगेच पिऊ नका. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं पाळा.

व्हिस्की वरून ओतलेली नसते, ती लाकडातून येते. स्कॉच व्हिस्की कायद्यानेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरवावी लागते. बर्बनचा, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचा, नियम आणखी कडक आहे: ओक नवंकोरं हवं आणि आतून जाळलेलं हवं. एकदा बर्बन काढली की ते पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, म्हणून अमेरिकेतली साधारण २०० लिटरची ही पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात आणि तिथे त्यांत स्कॉच मुरते. पिंपाची फळी इंचभर जाडीची असते. वर्षानुवर्षं आत राहिलेली व्हिस्की त्या फळीत काही मिलिमीटर खोलवर शिरते. पिंप उपडं करून रिकामं केलं तरी लाकडात काही लिटर व्हिस्की उरतेच. अशा पिंपात एल भरली की तिच्यातलं पाणी आणि अल्कोहोल मिळून ती व्हिस्की हळूहळू बाहेर ओढून घेतात, आणि तिच्यासोबत लाकडाचा अर्कही येतो.

या प्रकाराला लोकप्रिय करणारी एक कंपनी एडिंबरोचीच आहे, इनिस अँड गन, २००३ साली सुरू झालेली. तिचा जन्म फार गमतीशीर आहे. विल्यम ग्रँट अँड सन्स या व्हिस्कीवाल्यांना एलचा स्वाद लागलेली पिंपं हवी होती, त्यांत व्हिस्की मुरवण्यासाठी. त्यासाठी डगल शार्प यांनी खास बिअर तयार केली. काम झालं की ती बिअर सरळ ओतून द्यायची, असं ठरलेलं. पण तिथल्या कामगारांनी ओतण्याआधी ती चाखली आणि त्यांना ती भलतीच आवडली. व्हिस्कीसाठी केलेल्या खटाटोपात टाकून द्यायची वस्तूच पुढे विकायला आली. तुमच्या बाटलीवर ६.६ टक्के अल्कोहोल लिहिलंय असं तुम्ही म्हणता. ते बघून घाबरू नका, आपल्याकडची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. फरक आकड्यात नाही, चवीत आहे.

लेबल नीट वाचा. ‘बॅरल एज्ड’ लिहिलं असेल तर एल प्रत्यक्ष पिंपात राहिलेली असते. नुसतं ‘ओक एज्ड’ असेल, किंवा व्हिस्की आणि ओक असे शब्द असतील पण बॅरलचा उल्लेख नसेल, तर बऱ्याचदा व्हिस्कीत भिजवलेले ओकचे तुकडे टाकीत सोडलेले असतात. ही फसवणूक नव्हे. वाइनमध्येही ओकच्या चिप्स आणि पट्ट्या सर्रास वापरतात. लहान तुकड्यांचा पृष्ठभाग जास्त असल्यामुळे अर्क झपाट्याने उतरतो आणि काम काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. मात्र पिंपाच्या लाकडातून जी अगदी थोडी हवा आत झिरपत राहते, ती स्टीलच्या बंद टाकीत मिळत नाही. पिंपातल्या एलला मनुका आणि खजुराकडे झुकणारी जी खोली येते, ती या हवेमुळे. तुकड्यांवर केलेल्या एलमध्ये व्हॅनिला चटकन पुढे येतो आणि तेवढ्याच चटकन जातो, असा माझा अनुभव आहे. मला पिंपातली जास्त आवडते. पण पहिल्या ओळखीसाठी तुकड्यांवरची एलही चांगली, कारण तिच्यात ओक ओळखायला सोपं जातं.

आता ओकचा वास. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं भरपूर असतात, त्यांना खोबऱ्याचा वास असतो. लाकूड भाजलं की त्यातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणजे व्हॅनिला. युजेनॉलमुळे लवंग, ग्वायकॉलमुळे धूर. आमच्याकडे नवीन बॅरल येतं तेव्हा भरण्याआधी मी त्याचं वरचं बूच काढून भोकाशी नाक नेते. काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरल्यावर तेल सुटू लागतं आणि कडा काळपट होतात, त्या क्षणी स्वयंपाकघरात जो वास भरतो, त्याच्या अगदी जवळचा वास आतून येतो. नाशिकच्या माणसाला ओक परका नाही, हे मी त्यामुळेच ठामपणे सांगते. तुमच्या एलमध्ये आधी तेच भाजलेलं खोबरं शोधा. ते सापडलं की व्हॅनिला आणि लवंग आपोआप वेगळे होतात.

सवड असेल तर बाटली उघडण्याआधी एक रविवार गंगापूर धरणाच्या बाजूला काढा. तिथल्या कुठल्याही वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये आधी स्टीलच्या टाकीत केलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मागा, मग ओकमध्ये मुरवलेली एखादी शिराझ ही लाल वाइन, सुलाची दिंडोरी रिझर्व्ह वगैरे. पहिलीत नुसतं फळ आहे, दुसरीत फळाच्या मागे लाकूड उभं आहे, हे पाच मिनिटांत कळतं. व्हिस्की पिणारे असाल तर आणखी सोपं, ओकची चव ओळखीचीच असते. दिंडोरीत तर आता माल्ट व्हिस्कीही तयार होते.

थंड का नको, ते सांगते, कारण नाशिकमध्ये बिअर म्हटलं की ग्लासाला बाहेरून पाणी सुटलं पाहिजे असा आग्रह असतो. साध्या लागरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या बिअरला, तो शोभतो, तिचं कामच तहान भागवणं आहे. पण थंडीत वासाची द्रव्यं उडत नाहीत, त्यामुळे ज्या ओकसाठी आणि व्हिस्कीसाठी ही एल केली, ते नाकापर्यंत येतच नाही. दुसरं, गार घोटात गोडवा कमी जाणवतो आणि लाकडातल्या टॅनिनचा तुरटपणा जास्त. गॅसही जिभेला जास्त टोचतो. परिणाम असा की पिणारा म्हणतो, ‘कडवट आहे, लाकूड चावल्यागत लागतं.’ तीच बाटली १० ते १२ अंशांवर प्या, दुसरं पेय वाटेल.

माझी पद्धत अशी. आदल्या दिवशी बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवायची, दारात नको, आतल्या बाजूला. तळाशी साका असेल तर तो खाली बसतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची. मेमध्ये दहा मिनिटं पुष्कळ झाली, कारण ग्लास हातात असतानाच तापत जातो. बिअरचा मग नको. वाइनचा ग्लास घ्या, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असलेला, आणि तो एक तृतीयांशच भरा. ३३० मिली दोघांत सहज पुरते. आधी ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करून बोटभर फेस येऊ द्या.

ओतल्याबरोबर ग्लास न हलवता वास घ्या. या क्षणी बहुधा माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) आणि कॅरमल, एवढंच मिळेल. एक छोटा घोट घ्या, जिभेवर फिरवा, गिळा आणि ग्लास खाली ठेवा. खरी मजा पुढच्या पाऊण तासात आहे. आम्ही काही जणांनी कामानंतर अशीच एक बाटली सेलरच्या बाहेरच्या बाकावर उघडली होती, बॅरलमधून नमुने काढायला वापरतो त्याच ग्लासांत. पहिल्या घोटाला सगळ्यांचं एकच मत: छान आहे, टॉफीसारखी गोडसर, पण व्हिस्की कुठाय? गप्पांत वेळ गेला. फेस बसला, ग्लास हाताला गार लागेनासा झाला, आणि मग खोबरं आलं. एकीने न विचारता सांगितलं, ‘आता लवंग येतेय.’ तळाशी दोन घोट उरले तेव्हा घशाच्या मागे ती ओळखीची ऊब आली, जी बिअरमध्ये कधीच नसते, आणि नाकातून श्वास सोडला की हलका धूर. हा क्रम तुम्हालाही मिळेल, फक्त घाई करू नका. मध्ये मध्ये ग्लास एकदा हळू फिरवा, वाइनसारखा गरगर नको, गॅस उडून जातो.

संपल्यावर ग्लास लगेच विसळू नका. दहा मिनिटांनी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. माल्ट आणि गॅस गेलेले असतात, काचेला चिकटून उरतं ते जवळजवळ निव्वळ लाकूड आणि स्पिरिट. व्हिस्कीवाले हे नेहमी करतात. पिंपात आधी कुठली व्हिस्की होती याचा अंदाज मला भरलेल्या ग्लासापेक्षा इथेच जास्त चांगला येतो: व्हॅनिला आणि खोबरं राहिलं तर बर्बनची पिंपं, मनुका राहिल्या तर शेरी या स्पॅनिश वाइनची, औषधी धूर राहिला तर पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरायच्या मातीच्या) धुरावर माल्ट सुकवलेली स्कॉच.

तुम्हाला हा प्रकार आवडला तर पुढे गडद एलकडे जा. स्कॉटलंडच्याच हार्वीस्टनची ओला डुव्ह ही ८ टक्क्यांची काळी एल हायलंड पार्क व्हिस्कीच्या पिंपांत मुरवतात. शिकागोच्या गूज आयलंडची बर्बन काउंटी स्टाउट (स्टाउट म्हणजे भाजलेल्या माल्टची काळी बिअर) त्याहून कितीतरी जड आहे. पहिल्याच बाटलीला एवढ्या जड बिअरवर उडी घेऊ नये असं मला वाटतं. ओक अजून ओळखता येत नाही तोवर भाजलेल्या माल्टची कॉफी आणि चॉकलेट त्याला झाकून टाकतात.

ठेवण्याबद्दल. बाटली पांढऱ्या, पारदर्शक काचेची असेल तर सगळ्यात मोठा शत्रू उजेड. हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू द्रव्यं उजेडाने तुटतात आणि एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं, त्याला कुबट, घाणेरडा वास येतो. उन्हात हे काही मिनिटांतही होतं. त्यामुळे शोकेसमध्ये सजवून ठेवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, उभी, अंधाऱ्या गार जागी ठेवा. आपल्या एप्रिल-मेमध्ये घरातली कुठलीच जागा तशी राहत नाही, तेव्हा मार्च लागला की सरळ फ्रीजमध्ये. बाटलीवरची तारीख मेच्या पुढची असेल तर मेव्हण्यांसाठी जरूर थांबा. पण ‘जुनी होईल तशी सुधारेल’ या आशेने वर्षानुवर्षं ठेवायची ही एल नाही. १० टक्क्यांच्या पुढच्या काळ्या स्टाउट ठेवल्यावर खुलतात. ६-७ टक्क्यांच्या फिकट एलमधला ओक मात्र फिका पडत जातो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटली उघडल्यावर तशी चव लागली तर दोष तुमच्या जिभेचा नाही, बाटली म्हातारी झाली आहे.

सोबत काय खायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यावाचून उत्तर अपुरं राहील. मिसळ नको. झणझणीत तर्री आणि वाढीव अल्कोहोल एकत्र आले की फक्त जाळ होतो, दोन्हींची चव मरते. आपला तिखट चिवडाही त्याच कारणासाठी बाजूला ठेवा. पहिला ग्लास रिकाम्या तोंडाने प्या, फार तर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे. नंतर काळ्या मसाल्याचं मटण, मात्र तिखट बेताचं. मसाल्यातलं भाजलेलं खोबरं आणि एलमधला ओक एकमेकांना इतके घट्ट धरतात की मी पाहुण्यांना हीच जोडी देते. शाकाहारी असाल तर त्याच मसाल्यातलं भरलं वांगं. जेवणानंतरच्या उरलेल्या घोटांबरोबर गुळाची चिक्की किंवा निफाड-पिंपळगावकडचे चांगले बेदाणे घ्या. आईस्क्रीम घेऊ नका, जीभ पुन्हा गार पडते.