र. कृ. जोशी एवढे मोठे डिझायनर, मग 'मंगल' फॉन्ट इतका साधा का? नवशिक्याने त्यांच्याकडून काय शिकावं?

'साधा' हा शब्द वाचून राहवलं नाही. मी मालवणात डीटीपीचं काम करते आणि हे वाक्य आयुष्यभर ऐकत आलेय.

मंगल हा जोशींनी केलेला देवनागरी फॉन्ट. तो लग्नपत्रिकेसाठी केलेला नाही. तो विंडोज 2000 बरोबर घराघरात आला, म्हणजे मेनूसाठी, अर्जासाठी, पत्रासाठी. तेव्हाच्या पडद्यावर एका ओळीला मोजकेच ठिपके मिळायचे. त्यात शिरोरेषा, वरची वेलांटी, खालचा उकार आणि 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' हे सगळं वाचता येईल असं बसवायचं होतं. शिवाय 'कि' टाइप करताना क आधी दाबतो, वेलांटी नंतर, पण दिसताना ती आधी यायला हवी. 'धर्म'मधला र आधी टाइप होतो आणि रफार म्हणून म च्या डोक्यावर जाऊन बसतो. आज कुणालाही यात काही विशेष वाटत नाही. हे मला जोशींचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

आता आमच्या घरातली गोष्ट. चुलतभाऊ (आम्ही त्याला भाई म्हणतो) आणि मी एकत्र धंदा करायचो. गावातल्या शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका आमच्याकडे आली. भाईने सगळी पानं पेजमेकर ह्या छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली, एका महागड्या मराठी फॉन्ट पॅकेजमध्ये. ते पॅकेज संगणकाच्या मागे लॉक, म्हणजे कंपनीने दिलेली छोटी डबी, खोचल्याशिवाय चालायचं नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी माझ्याकडे होती. वर्ष, नाव, वाडी, सध्याचा मुक्काम. ती मी वर्डमध्ये मंगलमध्ये टाइप केली. त्यावरून दुकानात गिऱ्हाईक उभं असताना भाई म्हणाला, "पेजमेकरात चालत नाय तो फॉन्ट काय कामाचो? ह्यो काय डिझायनरचो फॉन्ट?" मी म्हटलं, यादी उद्या कुणाला तरी शोधायला लागेल. तो हसला, आणि छापण्यासाठी सगळी यादी त्याच्या फॉन्टात नव्याने टाइप करून घेतली.

पुढे लॉक बिघडलं. पॅकेजवाल्यांनी नवीन आवृत्ती विकत घ्या म्हणून सांगितलं. मध्यंतरी शाळेने स्मरणिकेतला मजकूर मागितला. भाईची फाइल उघडली तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. मुख्याध्यापकांचा लेख, देणगीदारांची नावं, काही म्हणजे काही वाचता येईना. माझी यादी दोनदा क्लिक केल्यावर उघडली. कारण मंगल युनिकोडवर चालतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक; भाईचा फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार दाखवायचा. 'तारकर्ली' टाइप केलं, तारकर्लीची सगळी पोरं एकाखाली एक सापडली. भाई तेव्हा काही बोलला नाही, अजूनही बोलत नाही. म्हणून इथे लिहितेय: यादी माझी टिकली, भाई.

जोशींची कारकीर्द ह्याच नजरेने बघावी. मुंबईच्या जेजे कलासंस्थेतून उपयोजित कला शिकून ते जाहिरातीत गेले, उल्का ह्या जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षं काम केलं. 1983 मध्ये ते पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी ह्या डिझाइनच्या विभागात शिकवायला लागले, पुढे एनसीएसटी ह्या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत संगणकाच्या अक्षरांकडे वळले. तमिळचा लता, गुजरातीचा श्रुती, कन्नडचा तुंगा हेही त्यांच्याच देखरेखीखालचे. हातात बोरू घेऊन कागदभर अक्षरं नाचवणारा हा कवी माणूस, पण फॉन्ट करताना त्याने स्वतःचं वळण मिरवलं नाही. वाचणारा कोण, कुठून वाचणार, हे आधी ठरवलं.

माझे बाबा होड्यांवर नावं रंगवायचे. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, फळ्या वर वळत जातात, तिथे सूत मारून सरळ शिरोरेषा काढली की लांबून ती मध्येच खचलेली दिसते. म्हणून बाबा रेषा फळीच्या वळणाबरोबर थोडी चढवायचे. उकार फळ्यांच्या सांध्यात येऊ द्यायचे नाहीत, कारण ऑइल पेंट पहिला तिथेच सुटतो. मग किनाऱ्यावर मागे मागे जात वाचून बघायचे. त्यांना कुणी डिझायनर म्हटलं नाही. मी म्हणते. तयार टेम्पलेटमध्ये नाव बदलून देणाऱ्याला मात्र म्हणणार नाही.

थोडं भाईच्या बाजूनेही. पेजमेकरात युनिकोड खरंच चालत नव्हतं, छापायला त्याला दुसरा मार्ग नव्हता. मंगलमधला ल हिंदी वळणाचा आहे, आपला पाकळीचा ल नाही, हे मलाही खटकतं. पोस्टरला मंगल वापरू नका, तो त्यासाठी नाहीच. आणि हे सगळं जोशींनी एकट्याने केलं असंही नाही, एनसीएसटीतले सहकारी होते, आणि वेलांटी-रफाराची अदलाबदल करण्यात विंडोजमधल्या सॉफ्टवेअरचाही वाटा आहे.

राहिलं काय शिकावं ते. बांबूची काडी घ्या, टोक तिरकं कापा, पण इंग्रजीच्या पेनाच्या उलट्या बाजूने, नाहीतर जाडबारीक चुकीच्या जागी येतं. आधी शिरोरेषा ओढून त्याखाली अ, क, ळ, क्ष लिहा. पान भिंतीला चिकटवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. जे अक्षर वाचता येत नाही तेवढंच पुन्हा घ्या. सॉफ्टवेअर कुठलं, ते मग विचारा.