भुसावळला घरी गेमिंग पीसी बांधतोय. प्रोसेसर इंटेलचा आय५ १२४००एफ घेऊ की एएमडीचा रायझन ५ ७६००? दुकानदार म्हणतो, इंटेलचा वरचा, महागडा आय७च घ्या.

रायझन ५ ७६०० घ्या, आणि आय७चे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, मुख्यतः कार्डच देतं. बहुतेक गेमना ६ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आजही पुरतात, आणि तेवढे दोन्हींत आहेत. फरक पुढच्या अपग्रेडचा. ७६००चं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) एएमडी २०२७पर्यंत तरी चालवणार आहे, म्हणजे काही वर्षांनी मदरबोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. १२४००एफचं सॉकेट इंटेलच्या १४व्या पिढीच्या प्रोसेसरवर संपलं. शिवाय ‘एफ’मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड दुरुस्तीला गेलं की स्क्रीन काळीच. ७६००वर निदान डेस्कटॉप तरी दिसतो.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. मी इकडेच पीसी जोडून देतो, त्यामुळे हे दरवर्षी बघतो. मे महिन्यात खोली ४० अंशांपर्यंत तापते, आणि खोली जितके अंश जास्त तापेल, साधारण तितकेच अंश प्रोसेसरचं तापमानही वर सरकतं. ७६००ची मर्यादा ९५ अंश आहे, त्यापुढे तो आपोआप वेग कमी करतो. बॉक्समधला पंखा चालतो, पण उन्हाळ्यात ओरडतो; थोडे पैसे टाकून टॉवर कूलर (प्रोसेसरवर बसणारा उंच, मोठा पंखा) बसवा. आणि वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओल आत जाते.

एकच अट: ७६००ला डीडीआर५ रॅमच लागते, जुनी डीडीआर४ चालत नाही. घरात जुनी डीडीआर४ पडून असेल किंवा बजेट फारच ताणलेलं असेल, तर डीडीआर४चा मदरबोर्ड आणि १२४००एफ, तेही चुकीचं नाही.