गूगलवर जास्त बोली लावणाऱ्याचीच जाहिरात वर दिसते का? लहान व्यवसायाला ते परवडते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. (बोली म्हणजे जाहिरातीवरच्या एका क्लिकसाठी आपण द्यायला तयार असलेली जास्तीत जास्त रक्कम.) ते मी ठासून लिहितो आहे, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात बराच काळ वाद चालला होता.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरण्याचे, वर्कशॉप आहे. शेतकऱ्यांचे जळालेले सबमर्सिबल पंप आणि कारखान्यांच्या मोठ्या मोटरी आम्ही भरून देतो. थोरल्या भावाने जाहिरातीचे काम एका एजन्सीकडे सोपवले होते आणि तिचा मोबदला एकूण खर्चाच्या टक्केवारीत ठरला होता. क्लिक भरपूर येत, गिऱ्हाइकाचा फोन मात्र क्वचितच येई. तरीही प्रत्येक बैठकीत बोली वाढवण्याचाच सल्ला मिळे. दादाचेही मत तेच होते की, पैसा ओतला की जाहिरात वर येणारच.

मी सर्च टर्म्स रिपोर्टचा आग्रह धरला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले तेव्हा आपल्या जाहिरातीवर क्लिक झाली, हे त्यात बऱ्याच अंशी दिसते. बरीच टाळाटाळ झाल्यावर तो हाती आला, तेव्हा त्यात 'मोटर वाइंडिंग कोर्स', 'कॉपर वायर रेट', 'टेबल फॅन वाइंडिंग डेटा', 'वायरमन जॉब' अशा शोधांची रांग होती. म्हणजे शिकाऊ मुलांच्या आणि नोकरी शोधणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे आम्ही भरत होतो. सगळे कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) ब्रॉड मॅचवर, म्हणजे दूरान्वयाने जुळणाऱ्या शोधालाही जाहिरात दिसेल असे, ठेवलेले होते आणि निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांची, यादी कोरी होती. शिवाय ठिकाणाच्या सेटिंगमध्ये सांगली जिल्ह्यात असलेल्यांबरोबरच त्या भागाविषयी 'रस दाखवणारे' लोकही धरलेले होते. जळालेली मोटर कोणी लखनौहून कुपवाडला भरायला पाठवत नाही. ब्रॉड मॅच आणि ठिकाणाची ही निवड, या दोन्ही गोष्टी गूगलमध्ये मुळातच तशा निवडलेल्या असतात. त्या बदलणे हे एजन्सीचे पहिले काम होते आणि तेच तिने केले नव्हते.

आता बोलीचे गणित पाहू. प्रत्येक शोधाच्या वेळी नवा लिलाव होतो आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता किती, ती शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारे पान कितपत उपयोगी आहे, यांवरून तो दर्जा ठरतो. समजा, एकाची बोली ६० रुपये आणि दर्जा ४ आहे, तर दुसऱ्याची बोली ४० रुपये आणि दर्जा ८ आहे. पहिल्याचा गुणाकार २४०, दुसऱ्याचा ३२०. म्हणून दुसरा वर दिसतो. त्याला ४० रुपयेही मोजावे लागत नाहीत; पहिल्याला मागे टाकण्यापुरते, म्हणजे ३० रुपयांहून किंचित जास्त पुरतात. दादाचे म्हणणे १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोध संकेतस्थळावर खरे ठरले असते, कारण तिथे सर्वांत मोठी बोली सर्वांत वर, असाच नियम होता. गूगलने २००२ मध्ये प्रतिक्लिक लिलाव आणला, तेव्हाच बोलीला क्लिकच्या प्रमाणाची, म्हणजे जाहिरात जितक्यांदा दिसली त्यातल्या किती वेळा क्लिक झाली याची, जोड दिली.

आम्ही फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅच (शोध कीवर्डच्या अर्थाशी अधिक नेमका जुळला तरच जाहिरात दाखवणारे पर्याय) वापरले, नको असलेले शब्द निगेटिव्हमध्ये टाकले आणि सबमर्सिबलसाठी वेगळे पान केले. किती एचपीपर्यंतची मोटर घेतो, भरून द्यायला किती दिवस लागतात, फोन कोणत्या वेळेत उचलला जातो, एवढेच त्यावर लिहिले. बोली न वाढवता जाहिरात वर आली आणि फोन येऊ लागले. पैसा ओतण्याचा सल्ला चुकीचा होता हे त्यातून सिद्ध झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. दादा अजूनही त्याचे श्रेय उन्हाळ्याच्या हंगामाला देतो.

म्हणून ज्याचे उत्पन्न तुमच्या खर्चावर अवलंबून आहे, त्याच्या हाती खाते देऊ नका. खाते स्वतःच्या ईमेलवर उघडा, एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्या आणि तिचे शुल्क ठरावीक ठेवा. ती सर्च टर्म्स रिपोर्ट दाखवायला कचरत असेल, तर करार तिथेच थांबवा. रोजचे बजेट ५०० रुपये ठेवले तरी एखाद्या दिवशी १००० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा आकडा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पटीपुढे जात नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरावा.

काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. वरचे गणित सोपे करून मांडले आहे. खरे सूत्र गूगल उघड करत नाही, आणि खात्यात दिसणारा १ ते १० चा क्वालिटी स्कोअर लिलावात थेट वापरला जात नाही. ब्रॉड मॅचही सरसकट वाईट नाही. कोणत्या क्लिकमधून गिऱ्हाईक आले याची नोंद नीट होत असेल, तर तो उपयोगी पडतो. तुमचा व्यवसाय कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. ज्या वस्तूचे नावच लोकांना ठाऊक नाही, ती कोणी शोधत नाही, आणि तिथे ही जाहिरात परवडणार नाही. गिऱ्हाईक आसपासचेच असेल, तर आधी गूगलची मोफत बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती) फोटो, वेळ आणि फोन नंबरासह पूर्ण भरावी. अनेक दुकानांना तेवढे पुरते.