पेट्रोल पंपाजवळच्या मॉनिटरिंग वेलमधून (जमिनीखालचं पाणी तपासायला पाइप घालून केलेली बारीक विहीर) सॅम्पल घेण्याआधी एवढं पाणी उपसून का टाकतात?

कारण पाइपात उभं राहिलेलं पाणी शिळं असतं, त्यातलं बेंझीन (पेट्रोलमधलं विषारी रसायन) वगैरे वरच्या वर उडून गेलेलं असतं, आणि आपल्याला बघायचंय ते आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी. अमेरिकेत जुनी पद्धत म्हणजे पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट उपसायचं. २ इंची वेलमध्ये मीटरला साधारण २ लिटर पाणी मावतं, म्हणजे ३ मीटर पाणी असेल तर जवळपास १८ लिटर, आणि ते गटारात ओतायचं नाही हां, ड्रममध्ये भरायचं. आता बरेच जण लो-फ्लो पंप लावून मिनिटाला १०० ते ५०० मिली अशा कासवगतीने काढतात आणि पीएच, कंडक्टिव्हिटी, ऑक्सिजनचे आकडे स्थिर झाले की सॅम्पल घेतात, मला हेच बरं वाटतं, गढूळपणा कमी येतो.

पण सगळ्यात आधी इंटरफेस प्रोब (पाणी आणि पेट्रोल वेगळं ओळखणारं मोजयंत्र) सोडून पाण्याची पातळी मोजा, वर पेट्रोलचा थर तरंगतोय का तेही कळतं. थर असेल तर सहसा तिथलं सॅम्पल घेतच नाहीत, नुसती जाडी लिहून ठेवतात.

खरी गंमत सॅम्पलच्या ४० मिलीच्या बाटलीत. आत ॲसिड आधीच घातलेलं असतं त्यामुळे विसळायची नाही, पाणी काठावर फुगेपर्यंत हळू भरायचं, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची, बुडबुडा दिसला की ती बाद. मग लगेच बर्फात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे, एका वेलचा अंश दुसऱ्या सॅम्पलला लागला तरी आकडा बिघडतो, त्यामुळे कमी प्रदूषित वेलपासून सुरुवात करायची आणि दर वेलला हातमोजे नवे.