रजिस्टरात कोण नाही, ते आधी बघ

प्रिय मुली,

प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नेट, निघाली, फार बरं वाटलं. पर्यावरणीय न्यायावर, म्हणजे धरण-पूर-जंगलाचा भार कुणावर पडतो यावर, पीएचडी करायची म्हणतेस, त्याआधी तुझ्या घरच्यांचं बोलू, कारण "त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे" हे त्यांचं म्हणणं खुळेपणाचं नाही. समाजकार्याच्या अनुदानित कॉलेजात कायम जागा निघायला वर्षं जातात. तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचं, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, असती तर महिन्याला 37,000 रुपये आले असते. ती तुझी हुकली आहे, तेव्हा सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांपैकी तुला जी लागू असेल तिच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातीवर डोळा ठेव. पैसे एक तारखेला येतील असं धरून खोलीचं भाडं मात्र ठरवू नकोस. तुझा नेटचा निकाल पीएचडीच्या प्रवेशाला एकच वर्ष चालतो, हेही ध्यानात असू दे. घरी हे सगळं स्वच्छ सांग. घरच्यांना गोड चित्र दाखवून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी गळतात, हे मी पाहिलंय.

विषय समाजकार्यच ठेव. "पर्यावरणीय न्याय" नावाचा विषय नेटच्या यादीत नाही म्हणून तू घाबरली आहेस, पण पर्यावरणशास्त्राकडे गेलीस तर पाण्याचे नमुने हाती राहतील आणि माणसं निसटतील. इकडे मुलाखतीत कुणीतरी विचारणारच, "यात समाजकार्य कुठं आहे?" त्याचं उत्तर पुस्तकातलं नको, कोयनेकाठच्या तुमच्या पाटणचं दे.

कोयनेचं धरण 105 टीएमसीचं आणि वीज 1,960 मेगावॅट, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. पण ते बांधलं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला आला 1976 साली, मग 1986 चा, मग 1999 चा. गावं त्याआधीच उठली होती. कुणी वरच्या डोंगरात सरकलं, कुणाची रवानगी सोलापूर, रायगडाकडे झाली, आणि त्यांची नातवंडं आजही पर्यायी जमिनीसाठी ठिय्या देऊन बसतात. यावर खूप लिहिलं गेलंय, मी नवं काय लिहिणार, असं तू विचारलंस. माझ्याकडे येणारे बहुतेक आराखडे एकाच जागी सुरू होतात: सरकारी यादीतल्या कुटुंबांपासून. यादी आयती मिळते, त्यातून नमुना निवडता येतो, तक्ते नीट भरतात. तू दुसऱ्या बाजूनं सुरू कर.

संकलन रजिस्टर, म्हणजे धरणग्रस्तांची ती सरकारी नोंदवही, कधी उघडून पाहिलंयस? खातेदाराचं नाव, बुडालेलं क्षेत्र, कुटुंबातली माणसं, दिलेली जमीन, आणि शेवटी अरुंदसा शेऱ्याचा रकाना. सगळा न्याय-अन्याय त्या पहिल्या रकान्यात ठरतो. ज्याच्या नावावर सातबारा, तो खातेदार, आणि त्याचंच गाव बुडालं असं कागद म्हणतो. एका पुनर्वसित गावठाणात मी ते रजिस्टर वाचून दाखवत होते. एक आजी शेजारी बसून प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. "हा आमच्या वरच्या आळीचा. हा पोलीसपाटलाचा चुलता." पानं संपली तेव्हा म्हणाल्या, "आमचा मामंजी न्हाई व्हय त्यात?" मामंजी दुसऱ्याचं रान अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, करायचे. त्यांच्याकडून पाण्यानं घर, शेजार आणि पोट तिन्ही घेतलं. रजिस्टरात मात्र त्यांचं काहीच गेलेलं नाही. तुझा प्रबंध तिथून सुरू झाला तर मला आवडेल.

सांगलीतही हेच चालतं, फक्त पाणी उलट्या बाजूनं येतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. त्याआधी 2005, नंतर 2021. जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी पूररेषा असते ती साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या एकाची. आता गुंठेवारीतले स्वस्त प्लॉट कुठे पडले ते त्या नकाशावर ठेवून बघ. ज्याला जिथं परवडलं तिथं त्यानं घर बांधलं, आणि त्या घरात भाड्यानं राहणारा तर त्याच्याही खाली. पंचनाम्याला आलेला माणूस घरपट्टीची पावती मागतो, आणि भाडेकरूकडे ती असणार कुठून? पुराचं कारण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा की कोयनेचा विसर्ग, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवरही दोन पक्ष आहेत. तो वाद अभियंत्यांवर सोड. नुकसानीच्या यादीत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हा प्रश्न तुझा.

एका गोष्टीवर तुझं माझ्याशी वाजेल, म्हणून आधीच लिहिते. तुझ्या टिपणात जंगल वाचवणं आणि पर्यावरणीय न्याय एकाच दमात आलंय. आपल्या सह्याद्रीत ते इतकं सरळ नाही. ज्या खोऱ्यातनं धरणानं माणसं उठवली तिथंच 1985 साली कोयना अभयारण्य झालं, शेजारी 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. 2012 मध्ये कास, कोयना, चांदोली जागतिक वारशात गेली. वाघाला माझा विरोध नाही, असता तरी वाघानं विचारलं नसतं. पण 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की आधी लोकांचे हक्क ठरवून द्या, मग हलवायचं बोला. हा क्रम गावोगाव कितपत पाळला गेला, हे तपासणं हे चांगलं संशोधन आहे. कासच्या फुलांवर लिहिणारे पुष्कळ मिळतील.

उलटं उदाहरणही पदरी ठेव, नाहीतर तू नुसती तक्रारींची खतावणी लिहिशील. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरचं बळीराजा धरण बघून ये. 1980 च्या दशकात दुष्काळाला कावलेल्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर ते उभं केलं. नदीची वाळू ठेकेदार उचलून नेत होते. लोकांनी त्या वाळूवर हक्क सांगितला, तीच थोडी विकून धरणाला पैसा उभारला, अभियंत्यांना सोबत घेतलं. आणि पाण्याचा वाटा ठरवला तो भूमिहीनालाही धरून. म्हणजे तिथं यादीच वेगळी केली गेली. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली, तिचा गाभाही हाच.

त्या साऱ्या चळवळीत समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट होत्या. अमेरिकेतून संशोधनाला आल्या, 1973 साली बर्कलेची पीएचडी मिळवली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 2021 मध्ये कासेगावात वारल्या. शिकवलं अनेक विद्यापीठांत, पण घर वाळवा तालुक्यात. तू विचारलंस ना, स्वयंसेवी संस्थेत काम करू की प्राध्यापकी? संस्थेचा निधी संपला की गाव सुटतं. पगारी शिक्षक एकाच खोऱ्याला वीस-पंचवीस वर्षं चिकटून राहू शकतो. तसं राहायचं नसेल तर या पेशात दुसरं फारसं काही नाही, खरंच बँकेची परीक्षा दे.

सर्वेक्षणाची कंत्राटं इतक्यात घेऊ नकोस. 2013 च्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणाम मूल्यांकन आलं आणि आपल्या लोकांना कामं मिळू लागली. पैसा बरा असतो, पण गावात तू मग "प्रकल्पवाल्यांची बाई" होतेस आणि तो शिक्का पुसत नाही. त्यापेक्षा एखाद्या डिस्टिलरीच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला जाऊन मागच्या रांगेत बस. तीस दिवस आधी नोटीस निघालेली असते, मराठीतला सारांश मिळायला हवा असतो. तो किती जणांनी वाचलाय ते विचार, आणि इतिवृत्तात कुणाचं बोलणं उतरलं ते नंतर ताडून बघ.

गाईड ठरवण्याआधी आराखडा पाठवू नकोस. एकच गाव धर आणि तीन कागद आण: संकलन रजिस्टरची प्रत, जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या, नकला. शाळेच्या रजिस्टरात पालकाचा धंदा लिहिलेला असला, तर तिथं अर्धेलीवाले, बलुतेदार, मजूर सापडतील. नावं एकाखाली एक लावलीस की संकलनात कोण गळलं ते दिसेल. नकलेसाठी अर्ज माहिती अधिकारात करू नकोस, आधी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये साधा अर्ज दे. बरंच काही तसंच मिळतं. जुनी पानं मोडी लिपीत असली तर घाबरू नकोस, घेऊन ये, मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत. रविवार सोडून कधीही.

तुझी,
मॅडम