एच-४ वरून एफ-१ करण्याआधी

अगं, आधी सांग, एच-४ (नवऱ्याच्या एच-१बी नोकरी-व्हिसामुळे बायकोला मिळणारा) सोडून एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, हवाय कशाला? नुसतं शिकायचं असेल तर अमेरिकेत एच-४ वरही कॉलेज करता येतं, आणि काही राज्यांत फीसुद्धा तिथल्या रहिवाशांइतकीच बसते. कॅम्पसवरची नोकरी किंवा पुढे ओपीटी (शिकलेल्या विषयात काही काळ नोकरी करायची परवानगी) हवं असेल तरच या भानगडीत पड. एच-४ चं वर्क परमिट असेल तर एफ-१ झाल्यावर ते गेलंच समज.

आधी कॉलेजकडून आय-२० (प्रवेश मिळाल्याचा फॉर्म), मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, मग आय-५३९, म्हणजे एच-४ चं एफ-१ करून देण्याचा सरकारकडचा अर्ज. खर्चाची सोय दाखवायला नवऱ्याचं बँक स्टेटमेंट चालतं. निकालाला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून सेमिस्टरच्या तोंडावर अर्ज टाकू नकोस. आणि अर्ज पडून असताना गणपतीला म्हणून पुण्याला गेलीस, तर तो तू सोडून दिलास असंच धरतात!

मंजुरी आली तरी पासपोर्टवरचा व्हिसा जुनाच राहतो. पुढच्या भारतवारीत एफ-१ साठी वकिलातीत मुलाखत आलीच. नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत असेल तर ‘शिकून परत जाणार’ हे तिथे पटवणं जड जातं. त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नकोस.