कंट्रोल युनिटला आज्ञा ‘कळते’ म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे, की प्रोसेसरमधल्या कंट्रोल युनिटला समोरची आज्ञा कोणती हे कळतं कसं, आत ओळखणारं असतं कोण? शिकताना मलाही हे फार छळायचं. ‘आज्ञा आणा, उलगडा, राबवा’ हे चक्र पाठ होतं, पण उलगडणं म्हणजे काय ते उमगत नव्हतं. ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या आज्ञांचे बिट (०-१चे अंक) कागदावर एकाखाली एक मांडले तेव्हा कुठे उजेड पडला.

‘मूव्ह ए, बी’ ही आज्ञा घ्या. बी रजिस्टरमधली, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या खणातली, संख्या ए मध्ये उतरवायची. तिचे बिट आहेत ०१ १११ ०००. पहिले दोन सांगतात ‘मूव्ह’, मधले तीन कुठे (१११ म्हणजे ए), शेवटचे तीन कुठून (००० म्हणजे बी). हा बाइट (आठ बिट) इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये, म्हणजे चालू आज्ञेच्या खणात आला, की त्याचा एकेक बिट तारेवाटे डिकोडरच्या, म्हणजे आज्ञा उलगडणाऱ्या सर्किटच्या गेटांत (०-१ वरून ०-१ काढणाऱ्या छोट्या सर्किटांत) शिरतो. ००० मुळे बी ची संख्या आतल्या बसवर (सामाईक तारांवर) येते, १११ मुळे ए ती उचलतो. (वाटेत एक तात्पुरतं रजिस्टर लागतं, ते सोडून देऊ.) ओळखणारं कुणीच नाही. त्या बिटांनीच दारं उघडतात.

याच साच्यात ०१ ११० ११० बसवून बघा. ११० म्हणजे मेमरी, तेव्हा अर्थ होईल ‘मेमरीतून मेमरीत, त्याच जागी’. निरर्थक! म्हणून तो कोड ‘हॉल्ट’ला, म्हणजे थांबण्याच्या आज्ञेला दिलाय. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

आता क्रम. आज्ञा आणायला ८०८५ला बहुतेक वेळा क्लॉकचे चार ठोके लागतात: पत्ता बाहेर, वाचनाचा सिग्नल, बाइट आत, मग उलगडा. सध्या कितवा ठोका चालू आहे, हेही गेटांना तारेवरूनच मिळतं.

ही सगळी गेटं कायमची जोडली की झालं हार्डवायर्ड कंट्रोल. दुसरी वाट मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये सुचवली: कोणत्या पायरीला कोणते सिग्नल द्यायचे हे एका छोट्या मेमरीतच लिहून ठेवायचं. तोच मायक्रोप्रोग्राम. आजच्या एक्स८६ प्रोसेसरांत (इंटेल, एएमडीच्या पीसींतल्या) दोन्ही नांदतात. सोप्या आज्ञा थेट उलगडतात, किचकट आज्ञांसाठी मायक्रोकोड लागतो.

राहिला ‘जर-तर’. तो मला आधी सगळ्यात गूढ वाटायचा. पण ‘उत्तर शून्य आलं तर उडी मार’ या आज्ञेत झिरो फ्लॅग (आधीचं उत्तर शून्य आलं की १ होणारा बिट) ही गेटांकडे जाणारी आणखी एक तार, एवढंच. फ्लॅग १ असेल तर ८०८५ उडीचा पूर्ण पत्ता वाचून प्रोग्राम काउंटरमध्ये, म्हणजे पुढच्या आज्ञेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये भरतो, त्याला १० ठोके लागतात. ० असेल तर पत्त्याचा दुसरा बाइट वाचतच नाही, ७ ठोक्यांत पुढच्या आज्ञेकडे वळतो.